बिनतारी बोर्डांचे फर्मवेअर : संगणकाची सिद्धता आणि गावाचा ताबा

जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकाला हवामानाधारित फळपीक विमा योजनेत कमी वा जादा तापमानाबद्दल भरपाई मिळते, ती आपल्या महसूल मंडळातील हवामान केंद्राने नोंदलेल्या आकड्यांवरून. ‘महावेध’ प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यातील महसूल मंडळांत अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभारण्यात आली. तेथे आकडा टिपून घेण्यास माणूस बसलेला नसतो. सेन्सर तापमान मोजतो, एक छोटा बोर्ड त्याचा आकडा बनवतो आणि बिनतारी मार्गाने तो दूरच्या संगणकाकडे पाठवतो. पुढे गावची पाणीपुरवठा योजना, शेतातील पंप, धरणाची पातळी अशा अनेक ठिकाणी हाच प्रकार रूढ होत आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्येही नळ योजनांवर सेन्सरद्वारे देखरेख ठेवण्याचा विचार करण्यात आला आहे.

अशा बोर्डाने काय मोजावे, किती वेळाने पाठवावे, आकडा न आल्यास काय समजावे, हे सर्व त्याच्या चिपमध्ये भरलेली आज्ञावली ठरवते. तिलाच फर्मवेअर म्हणतात. फर्मवेअर बोर्डावर लिहिले जात नाही. ते दुसऱ्या एका मोठ्या संगणकावर तयार होते आणि मग बोर्डात भरले जाते. म्हणून ज्याच्याकडे तो संगणक सिद्ध असेल, त्यालाच बोर्ड दुरुस्त करता येतो, बदलता येतो आणि तपासताही येतो. हा संगणक कसा सिद्ध करावा आणि त्याची नोंद कोणाकडे असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पांझरेकाठचा जुना धडा

धुळे शहरात पांझरा नदीच्या उत्तर तीरावर देवपूर हा भाग आहे. अभियांत्रिकी, विज्ञान आणि कला शाखांची महाविद्यालये व अनेक शाळा येथे एकवटल्या आहेत. याच नदीवर वरच्या अंगाला, साक्री तालुक्यात, फड पद्धतीचे बंधारे आहेत. काही शतके चालत आलेल्या या पद्धतीत बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडले जातात व एका फडात एका हंगामात एकच पीक घेतले जाते. पाटकरी पाणी वाटतो, जागल्या पिकाची राखण करतो, हवालदार देखरेख ठेवतो आणि पाटाची डागडुजी लाभधारक मिळून करतात.

ही पद्धती इतका काळ टिकली, यामागे एक साधे कारण आहे. बंधारा कसा बांधला आहे, पाट कोठे फुटतो आणि फुटल्यास काय करावयाचे, हे गावातील माणसांना माहीत होते. दुरुस्तीचे ज्ञान आणि साधने गावाच्या हाती होती. बिनतारी बोर्डांच्या बाबतीत नेमकी याच गोष्टीची उणीव जाणवते. पुरवठादार बोर्ड बसवून जातो, वर्ष-दोन वर्षे तो चालतो. मग सेन्सर बदलावा लागतो किंवा आकडे पाठवण्याचा पत्ता बदलतो. फर्मवेअरचा मूळ मजकूर गावाकडे नसतो, आणि पुरवठादाराकडील ज्या संगणकावर ते तयार झाले तो केव्हाच बदललेला असतो. परिणामी चांगला बोर्ड काढून नवा विकत घ्यावा लागतो. देवपूरसारख्या शैक्षणिक केंद्रातील एखाद्या महाविद्यालयाने वा शाळेने आसपासच्या गावांसाठी असा एक संगणक सिद्ध ठेवला, तर ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.

महाराष्ट्रात या विषयाची सुरुवात नवी नाही. आय. आय. टी. मुंबईच्या संशोधकांनी ‘अ‍ॅग्रीसेन्स’ या नावाने नाशिकच्या सुला द्राक्षबागेत बिनतारी सेन्सरांचे जाळे उभारून मातीचा ओलावा, तापमान व आर्द्रता मोजण्याचे काम केले होते. त्या काळी अशी साधने महाग व दुर्मिळ होती. आता ई.एस.पी.-३२ ही चिप असलेला बोर्ड काही शे रुपयांत मिळतो आणि त्यासाठी लागणारी बहुतेक आज्ञावली विनामूल्य व मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहे. साधन हाताशी आल्यामुळे आता खरा प्रश्न ते वापरण्याच्या शिस्तीचा आहे.

दोन संगणक, दोन भाषा

टेबलावरील संगणक आणि हातावर मावणारा बोर्ड हे दोन्ही संगणकच होत. पण त्यांच्या प्रोसेसरची भाषा निराळी असते. घरगुती संगणकात बहुधा इंटेल किंवा ए.एम.डी. यांचा प्रोसेसर असतो. बोर्डावर आर्म, एक्सटेन्सा किंवा रिस्क-फाइव्ह या रचनांचा लहान प्रोसेसर असतो. ई.एस.पी.-३२ या मूळ चिपमध्ये ५२० किलोबाइट स्मृती असते व तिच्या बोर्डावर साधारणतः ४ मेगाबाइटची फ्लॅश असते. नॉर्वेतील नॉर्डिक कंपनीच्या एन.आर.एफ.-५२८४० या चिपमध्ये २५६ किलोबाइट स्मृती आणि १ मेगाबाइट फ्लॅश असते. एवढ्या जागेत आज्ञावली तयार करणारी साधने मावत नाहीत. म्हणून एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्या प्रोसेसरच्या भाषेत फर्मवेअर तयार करणारा कंपायलर लागतो. त्याला क्रॉस कंपायलर म्हणतात.

केवळ कंपायलर पुरत नाही. बोर्डाच्या घड्याळापासून रेडिओपर्यंत सर्व भागांना चालवणारी छोटी कार्यप्रणाली लागते. लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाखाली २०१६ मध्ये सुरू झालेली ‘झेफिर’ ही अशी एक मुक्त प्रणाली असून ती अनेक कंपन्यांच्या शेकडो बोर्डांवर चालते. ई.एस.पी. चिपांची निर्माती एस्प्रेसिफ कंपनी स्वतःची प्रणालीही पुरवते. या लेखात झेफिरचे उदाहरण घेतले आहे. बोर्ड बदलला तरी संगणकाची मांडणी तीच राहते, हा तिचा शिक्षणसंस्थांना विशेष लाभ आहे.

पूर्वतयारी

या कामासाठी फार शक्तिमान संगणक लागत नाही. ८ गिगाबाइट स्मृती आणि किमान ३० गिगाबाइट मोकळी जागा असलेला साधा संगणक चालतो. त्यावर उबुंटू लिनक्सची दीर्घकालीन आधार असलेली आवृत्ती बसवावी. अशी आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये निघते व तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. विंडोजवरही काम होते. परंतु फाइलींच्या मार्गाची लांबी, ओळीच्या शेवटच्या खुणा आणि विषाणुरोधक आज्ञावलीची ढवळाढवळ यांमुळे नवशिक्यांचा बराच वेळ वाया जातो.

एक दक्षता आरंभीच घ्यावी. संगणकावरील वापरकर्त्याचे नाव आणि कामाच्या फोल्डरचे नाव रोमन लिपीतील लहान अक्षरांत, मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे. देवनागरी नाव असलेल्या किंवा दोन शब्दांत मोकळी जागा असलेल्या फोल्डरमध्ये यांतील काही साधने अडतात आणि त्रुटीचा संदेश मात्र भलत्याच गोष्टीविषयी येतो. मराठीचा वापर आज्ञावलीतील टिपांत आणि नोंदवहीत अवश्य करावा.

संगणक सिद्ध करण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी मूलभूत साधनांची. उबुंटूच्या भांडारातून गिट, सीमेक, निंजा, पायथन आणि डिव्हाइस-ट्री कंपायलर ही साधने बसवावीत. गिट हे आज्ञावलीच्या मजकुरातील प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. कोणती फाइल कोणत्या क्रमाने जोडावयाची याची आखणी सीमेक करते आणि त्या आखणीप्रमाणे काम निंजा उरकते. बोर्डाच्या कोणत्या पिनेवर काय जोडले आहे, याचे वर्णन डिव्हाइस-ट्री या फाइलीत असते.

दुसरी पायरी पायथनच्या स्वतंत्र खोलीची. झेफिरची अनेक साहाय्यक साधने पायथन भाषेत आहेत. ती थेट संगणकाच्या मुख्य पायथनमध्ये बसवल्यास पुढे दुसऱ्या कामाच्या साधनांशी त्यांचा झगडा होतो. म्हणून या कामापुरते वेगळे आभासी वातावरण तयार करावे आणि प्रत्येक वेळी काम सुरू करताना ते जागे करावे. ‘कालपर्यंत चालत होते, आज आज्ञा सापडत नाही’ या तक्रारीचे कारण बहुधा ते जागे करण्याचा विसर हेच असते.

तिसरी पायरी ‘वेस्ट’ या साधनाची. हे झेफिरचे व्यवस्थापक होय. त्याला कामाचा फोल्डर दाखवून आरंभाची आज्ञा दिली की मुख्य प्रणाली उतरते. अद्ययावत करण्याची आज्ञा दिली की तिला लागणारे इतर सर्व विभाग उतरतात. कोणता विभाग नेमक्या कोणत्या आवृत्तीचा घ्यावयाचा, हे एका सूचीत लिहिलेले असते. या सूचीचे महत्त्व पुढे दिसून येईल. सर्व विभाग उतरावयास काही गिगाबाइटांची देवघेव होते. संथ जोडणीवर हे काम रात्री लावून ठेवणे सोयीचे.

चौथी पायरी कंपायलरची. झेफिरचा स्वतःचा साधनसंच आहे. त्यात निरनिराळ्या प्रोसेसरांचे क्रॉस कंपायलर एकत्र मिळतात. आपल्याकडे ज्या बोर्डांचे काम आहे तेवढेच कंपायलर निवडले तर जागा वाचते.

पाचवी पायरी रेडिओच्या बंद भागाची. ई.एस.पी.-३२ च्या वाय-फाय व ब्लूटूथचा काही भाग कंपनी मूळ मजकुराच्या रूपात देत नाही, तयार यंत्रभाषेत देते. तो वेगळी आज्ञा देऊन उतरवावा लागतो. ‘मुक्त आज्ञावली’ म्हणून घेतलेल्या बोर्डातही एखादा भाग बंद असतो, ही गोष्ट शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आणि अभियंत्यांनी अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगावी. त्या बंद भागाचीही प्रत जतन करणे अगत्याचे आहे.

सहावी पायरी बोर्डाच्या जोडणीची. बोर्ड यू.एस.बी. केबलने संगणकाला जोडला की लिनक्स त्याला एक अनुक्रमिक पोर्ट देते. सर्वसाधारण वापरकर्त्याला हा पोर्ट उघडण्याची मुभा नसते. त्यासाठी त्याला ‘डायलआउट’ या गटात घालावे लागते आणि मग एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागते. बोर्ड दिसतच नसेल, तर प्रथम केबल बदलून पाहावी. मोबाईल चार्ज करण्याच्या अनेक केबलींत माहिती वाहणाऱ्या तारा नसतातच. प्रयोगशाळेत तपासलेल्या केबलींना रंगीत दोरा बांधून ठेवला, तर हा त्रास कायमचा टळतो.

सातवी पायरी पहिल्या चाचणीची. झेफिरसोबत नमुना आज्ञावली येतात. त्यांतील सर्वांत साधी आज्ञावली पोर्टवर एक अभिवादनाची ओळ पाठवते. ती आपल्या बोर्डाचे नाव देऊन तयार करावी आणि बोर्डात भरावी. काही ई.एस.पी.-३२ बोर्डांवर भरणे सुरू होताना ‘बूट’ लिहिलेले बटण दाबून धरावे लागते. नंतर ११५२०० या वेगाने पोर्ट वाचला असता अभिवादनाची ओळ दिसते. ती दिसली की संगणक सिद्ध झाला असे समजावे. वीज जाण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. या चिपमध्ये भरणी स्वीकारणारा पहिला टप्पा कायमच्या स्मृतीत असतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी बोर्ड पुन्हा भरता येतो.

हवेतील वाटेचे नियम

बिनतारी बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये एक निवड अशी असते की ती चुकल्यास यंत्र चालत नाही आणि कायदाही मोडतो. ती म्हणजे कंप्रतेची. वाय-फाय व ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. मैदानात काही किलोमीटर पल्ला लागतो तेव्हा ‘लोरा’ हे कमी वेगाचे, पण दूरवर पोहोचणारे तंत्र वापरतात. विहिरीपासून गावाच्या टाकीपर्यंतचे अंतर त्याला अवघड नसते. भारतात कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ च्या नियमांनी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त करण्यात आला आणि २०२१ च्या नियमांनी तो ८६८ मेगाहर्ट्झपर्यंत वाढवण्यात आला. शक्तीची मर्यादा आणि उपकरणाची प्रकार-मान्यता या अटी मात्र पाळाव्याच लागतात.

बाजारात मिळणाऱ्या बोर्डांसोबतची नमुना आज्ञावली बहुधा युरोपच्या ८६८ किंवा अमेरिकेच्या ९१५ मेगाहर्ट्झसाठी लिहिलेली असते. ती जशीच्या तशी भरली तर बोर्ड भारतात दुसऱ्यासाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यात बोलू लागण्याचा संभव असतो. लोरावॅन या पद्धतीत भारतासाठी वेगळी योजना असून तिचे तीन मूळ मार्ग ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५ मेगाहर्ट्झ असे आहेत. फर्मवेअरच्या मांडणीत भारताचा विभाग निवडला आहे की नाही, ही पहिली तपासणी असावी. बोर्ड आणि त्याचा अँटेना हे दोन्ही याच पट्ट्यासाठी बनलेले असावेत. अँटेना जोडल्यावाचून प्रक्षेपण करू नये. त्याने रेडिओची चिप निकामी होऊ शकते. तसेच ई.एस.पी.-३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात. ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडू नये.

तीच फाइल पुन्हा तयार होते काय?

येथपर्यंतचे काम कोणताही चिकाटीचा विद्यार्थी करू शकेल. गावाच्या दृष्टीने खरी कसोटी पुढे आहे. समजा, पाण्याच्या टाकीची पातळी सांगणारा बोर्ड आज बसवला आणि चार वर्षांनी सेन्सर बदलल्यामुळे त्यातील एकच ओळ बदलावयाची आहे. या अवधीत उबुंटू, झेफिर, कंपायलर या सर्वांच्या नव्या आवृत्त्या आलेल्या असतात. जुना मजकूर नव्या साधनांवर घातला तर तो तयार होत नाही. झाला तरी पूर्वीसारखाच वागेल याची खात्री नसते. म्हणून मजकुराइतकेच साधनांचेही जतन केले पाहिजे.

त्यासाठी प्रयोगशाळेत एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक फर्मवेअरसाठी एक पान असावे. त्यावर उबुंटूची आवृत्ती, साधनसंचाची आवृत्ती, बोर्डाचे पूर्ण नाव, आज्ञावलीची गिटमधील चाळीस अक्षरांची ओळखखूण आणि तयार झालेल्या फाइलीची अंकीय बेरीज या गोष्टी लिहाव्यात. वेस्टच्या सूचीत प्रत्येक विभागाची नेमकी आवृत्ती बांधून ठेवावी. ‘जी नवी असेल ती’ असे कधीही लिहू नये. उतरवलेले सर्व विभाग, साधनसंच आणि पायथनची साधने यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. इंटरनेट नसतानाही त्या डिस्कवरून नवा संगणक सिद्ध करता आला पाहिजे.

याची परीक्षा सोपी आहे. वर्षातून एकदा दुसरा, कोरा संगणक घ्यावा. पूर्वी हे काम न केलेल्या विद्यार्थ्याला केवळ नोंदवही आणि डिस्क द्यावी व बाहेरची जोडणी काढून घ्यावी. त्याने तयार केलेल्या फाइलीची अंकीय बेरीज नोंदवहीतील बेरजेशी जुळली, तर नोंद पूर्ण आहे. जुळली नाही, तर कारण शोधावे. पुष्कळदा तयार करण्याची तारीख व वेळ किंवा फोल्डरचा मार्ग फाइलीत शिरल्यामुळे फरक पडतो. ते टाळण्याच्या सोयी आज्ञावलीत करता येतात. इतर कारणे निघाल्यास ती नोंदवहीतील उणिवा समजाव्यात. संपूर्ण मांडणी एका कंटेनरमध्ये बंद करून ठेवण्याची पद्धतही आहे. तिच्यामुळे वीस संगणकांवर एकच मांडणी पोहोचवणे सुलभ होते. मात्र तो कंटेनर कसा तयार झाला याची नोंद तरीही ठेवावीच लागते.

सहीची किल्ली कोणाकडे?

टाकीवर चढून प्रत्येक वेळी केबल जोडणे शक्य नसते. म्हणून बिनतारी मार्गानेच नवे फर्मवेअर पाठवण्याची सोय करतात. अशा वेळी कोणीही उपरा मनुष्य आपले फर्मवेअर पाठवून पंप बंद पाडू शकणार नाही, याची तजवीज हवी. झेफिरसोबत वापरला जाणारा ‘एमसीयूबूट’ हा आरंभक ते काम करतो. तो फर्मवेअरवरील अंकीय सही तपासतो आणि सही जुळली तरच ते चालू करतो. फ्लॅशमध्ये दोन जागा ठेवून नवे फर्मवेअर प्रथम चाचणीपुरते चालवण्याची सोयही त्यात आहे. नव्याने स्वतःला योग्य ठरवले नाही तर पुढच्या आरंभी जुने परत येते. टाकीवरील बोर्डाला ही दुसरी सोय जीवदानासारखी आहे.

सही करण्यासाठी गुप्त किल्ली लागते. एमसीयूबूटच्या मजकुरासोबत सरावासाठी नमुना किल्ल्या येतात. त्या जगजाहीर असल्यामुळे त्यांनी केलेली सही म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच अडकवण्यासारखे होय. प्रत्यक्ष बसवावयाच्या बोर्डासाठी स्वतःची किल्ली तयार करावी. येथे प्रश्न उभा राहतो तो ताब्याचा. किल्ली हरवली तर बोर्डाला पुढे कधीही बिनतारी मार्गाने सुधारता येणार नाही. ती फुटली तर कोणीही सुधारू शकेल. ती एकट्या पुरवठादाराकडे असेल, तर योजनेचा पैसा गावाचा असूनही यंत्राचा कारभार गावाचा राहत नाही.

यावर व्यवहार्य उपाय असा की, किल्लीच्या दोन प्रती कराव्यात. एक प्रत प्रयोगशाळेतील इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर असावी. दुसरी प्रत डिस्कवर घेऊन लाखबंद पाकिटात ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. पाकीट कोणी, केव्हा, कशासाठी उघडले याची नोंद ग्रामपंचायत अधिकाऱ्याने घ्यावी. पाटाचे दार कोणी उघडावयाचे हे पाटकऱ्याच्या हाती सोपवताना गावाने जी काळजी घेतली, तीच ही काळजी आहे.

खरेदीच्या अटींत काय असावे

बिनतारी सेन्सर खरेदी करताना निविदेत यंत्राची अचूकता, बॅटरी व हमी यांविषयी अटी असतात. त्यांच्या जोडीला चार अटी घालणे इष्ट ठरेल. एक, फर्मवेअरचा मूळ मजकूर आणि त्याची गिटमधील नोंद सुपूर्द करावी. दोन, ते तयार करण्याची साधने, त्यांच्या आवृत्त्या आणि बंद भागांच्या प्रती डिस्कवर द्याव्यात. तीन, सहीची किल्ली संस्थेच्या ताब्यात द्यावी. चार, देयक चुकते होण्यापूर्वी पुरवठादाराने संस्थेच्या संगणकावर, संस्थेच्या माणसासमोर, तेच फर्मवेअर तयार करून एका बोर्डात भरून दाखवावे. चौथी अट सर्वांत महत्त्वाची आहे. कागदावर सर्व काही दिलेले असूनही प्रत्यक्षात एखादी फाइल उणी असते, आणि ती गोष्ट पुरवठादार समोर असतानाच उघड होणे हिताचे असते.

जेथे पुरवठादार मूळ मजकूर देण्यास राजी नसेल, तेथे निदान बोर्डाचे वर्णन व पिनांची जोडणी मागून घ्यावी. ती असेल तर प्रयोगशाळेला त्याच बोर्डासाठी नवे फर्मवेअर लिहिण्याचा मार्ग मोकळा राहतो.

शाळा-महाविद्यालयांचा वाटा

या कामासाठी वेगळी मोठी योजना आखण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नीती आयोगाने २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी शाळांना साहाय्य देण्यास आरंभ केला. इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना तेथे बोर्ड आणि सेन्सर हाताळता येतात. आय. आय. टी. मुंबईच्या ‘ई-यंत्र’ प्रकल्पाने अभियांत्रिकी महाविद्यालयांत अशाच विषयाच्या प्रयोगशाळा उभारण्यास साहाय्य केले आहे, आणि तेथीलच ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सविषयक पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. शाळेतील मुलांनी बोर्ड जोडावा, महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी संगणक सिद्ध ठेवावा आणि ग्रामपंचायतीने प्रत्यक्ष गरज सांगावी, अशी साखळी देवपूरसारख्या ठिकाणी सहज जुळू शकेल.

शिक्षकांना हा विषय चार तासिकांत शिकवता येईल. पहिल्या तासिकेत दोन संगणकांच्या दोन भाषा समजावून द्याव्यात. दुसरीत सिद्ध संगणकावर अभिवादनाची आज्ञावली तयार करून बोर्डात भरावी. तिसरीत दोन बोर्ड घेऊन एकाने पाठवलेला आकडा दुसऱ्याने वाचावा. चौथी तासिका केवळ नोंदवहीची असावी. एका गटाने लिहिलेले पान दुसऱ्या गटाला द्यावे आणि तेवढ्यावरून तीच फाइल तयार करावयास सांगावे. ज्या गटाचे पान अपुरे ठरेल, त्याला स्वतःची चूक आपोआप उमगेल.

विद्यार्थ्यांना आणखी एक सवय लावणे आवश्यक आहे. सेन्सर तुटला असता बोर्डाने शून्य पाठवू नये, ‘मोजमाप नाही’ असे स्पष्ट पाठवावे. शून्य पातळी आणि न मोजलेली पातळी यांतील फरक आज्ञावलीने राखला नाही, तर भरलेली टाकी रिकामी दिसेल व पंप चालतच राहील. तापमानाच्या नोंदीत हीच चूक झाली, तर तिचा फटका एखाद्या शेतकऱ्याच्या भरपाईला बसेल. फर्मवेअरमधील एका ओळीचा संबंध माणसांच्या पाण्याशी आणि पैशाशी किती निकटचा असतो, हे यावरून ध्यानात येईल.

सारांश, बोर्ड विकत घेणे हा कामाचा सर्वांत सोपा भाग आहे. त्याचे फर्मवेअर पुन्हा तयार करता येणे हे कामाचे खरे फलित होय. त्यासाठी एक साधा संगणक, एक डिस्क, एक नोंदवही आणि लाखबंद पाकिटातील एक किल्ली एवढी सामग्री पुरते. पांझरेवरील फडांच्या गावांनी बंधाऱ्याची देखभाल जशी आपल्या हाती ठेवली, तशीच या नव्या यंत्रांची देखभाल आपल्या हाती ठेवण्याचे सामर्थ्य खानदेशातील शाळा-महाविद्यालये व ग्रामपंचायती यांच्या ठायी निश्चितच आहे. येत्या शैक्षणिक वर्षात एका संगणकापासून आणि नोंदवहीच्या पहिल्या पानापासून त्यास आरंभ करता येईल.